खिशात मावेल असं पिस्तूल

पिस्तूल घ्यायला आम्ही इंदूरला निघालो तेव्हा मी बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. जसं काही कुणाच्या साखरपुड्यालाच चाललो होतो. ह्यांना स्वतःसाठी एकट्याने काही घेता येत नाही. बुधवाऱ्याच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे. दिवसभर गादीवर बसून हे बायकांना ब्लाउजपीस आणि पुरुषांना पँटपीस पसंत करून देतात, पण स्वतःला साधी चप्पल घ्यायची म्हटली तरी "तू चल, मला कळत नाही" सुरू होतं. तेव्हा पिस्तूल पसंत करायलाही मीच. मला पिस्तुलातलं डोंबल कळत होतं! पण ह्यांच्या खिशात काय मावतं आणि काय बाहेरून दिसतं, हे इतकी वर्षं ह्यांचे कपडे धुवून धुवून मला पाठ होतं.

हे सगळं उपटलं ते एका मोटरसायकलवरून. आमच्या दुकानाला लागून मोबाईल दुरुस्तीचं एक चिंचोळं दुकान आहे. ते चालवणारा तिशीतला, कामाला चांगला आणि जिभेला तिखट. एका भर दुपारी त्याने आमच्या मागच्या गल्लीतल्या एका तरुणाला दुकानासमोरून गाडी काढायला सांगितलं. सरळ सांगितलं नाही, चार शब्द जास्तच बोलला. तो तरुण गाडी घेऊन गेला आणि लोखंडी सळई घेऊन परत आला. दुरुस्तीवाल्याचा उजवा हात मोडला. पुढे हाडं जुळली, पण बोटं कामाची राहिली नाहीत. मोबाईलचे मोहरीएवढे स्क्रू काढणारा हात होता तो.

बाजार गच्च भरलेला होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा मात्र प्रत्येकाला नेमकं त्याच वेळी आत काहीतरी काम निघालेलं. एकट्या आमच्या ह्यांनी सांगितलं की मी बघितलं. मारणारा कोण ते सांगितलं, सळई सांगितली, पहिला फटका कुठे बसला तेही सांगितलं आणि खाली सही करून घरी आले. मी कपाळावर हात मारून घेतला. "तुम्हालाच काय पडलं होतं?" म्हटलं. हे म्हणाले, "अगं, पण मी बघितलं ना." मला राग आला होता. आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला होता. इतक्या वर्षांत ह्यांनी गिऱ्हाइकाशी सोडून कुणाशी ठामपणे काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

सळईवाला जामिनावर सुटला. एक दिवस दुकानात आला, चप्पल बाहेर काढून गादीवर बसला आणि टॉवेल मागितला. ह्यांनी दाखवले. त्याने एक उचलला, भावसुद्धा केला नाही. उठताना म्हणाला, "काका, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढून राहिला असेल ना आता? उमर झाली. दूरचं बराबर दिसत नसेल. कोर्टात जायच्या पहिले चेक करून घ्या." मग टॉवेल खांद्यावर टाकायच्या निमित्ताने शर्ट जरा वर सरकवला. कमरेला गावठी कट्टा होता, दाखवण्यापुरता दिसला.

ठाण्यात गेलो तर म्हणाले, त्याने काही केलं का? केलं की या. म्हणजे नवऱ्याला काही झालं की मी रिपोर्ट लिहायला यायचं. आम्ही दोघं ठाण्याच्या पायऱ्या उतरलो आणि बाहेर उसाचा रस प्यायलो, कारण दुसरं काय करावं ते कुणालाच सुचलं नाही. रस पिता पिता हे म्हणाले, "आपणही एक घेऊ. लहान. खिशात राहील असं. कुणाला कळायचं नाही."

ज्याच्या कमरेला कट्टा होता त्याला तो घ्यायला एक संध्याकाळ लागली असेल. आम्हाला लायसन मिळायला दोन दिवाळ्या गेल्या. आधार, पॅन, डॉक्टरचा दाखला, डोळ्यांची तपासणी, कलेक्टर ऑफिसच्या खेपा. तिथला एक बाबू तर रोज विचारायचा, "धोका किससे है, ये साफ बताइए." साफ सांगितलं असतं तर तो धोका संध्याकाळी टॉवेल बदलायला आला असता. बाकी कोर्टाची तारीख आमच्याहून सावकाश चालत होती, तेवढी एक सोय.

मुलगा पुण्याला असतो. तो रोज फोनवर व्हिडिओ पाठवायचा. अमेरिकेतले धिप्पाड गोरे साबणाच्या वडीएवढी पिस्तुलं तळहातावर ठेवून दाखवायचे, खिशात घालायचे, वाकायचे, बसायचे, गाडी चालवायचे. "पप्पा, हे मॉडेल बघा, एकदम स्लिम आहे." हे चष्मा कपाळावर सरकवून मन लावून बघायचे. मला तर ते बघून आमच्या दुकानातला टेरिकॉट विकणारा एजंट आठवायचा. मी मुलाला म्हटलं, बाबा, तू स्वतःच ये ना चार दिवस, बापाजवळ बस. तो म्हणाला, "मम्मी, सुट्टी नाही आहे यार. पण मी कम्पॅरिजन करून पाठवतो ना."

इंदूरच्या दुकानदाराला आम्ही ते व्हिडिओ दाखवले तेव्हा तो मनापासून हसला. म्हातारा, पांढरा सफारी घातलेला, बोलायला अगदी सोन्याच्या पेढीवरच्या माणसासारखा. म्हणाला, ही सगळी तिकडची चैन. इकडे लायसनवर मिळतं ते सरकारी कारखान्यातलं बत्तीस बोअरचं, नाहीतर फार पूर्वी बाहेरून आलेलं, या हातातून त्या हातात फिरत आलेलं एखादं विलायती. त्याने काउंटरवर हिरवं कापड अंथरलं, आम्हाला चहा मागवला आणि विचारलं, "पहले ये बताइए भाईसाहब, छिपाने के लिए चाहिए कि चलाने के लिए?"

हे म्हणाले, "दोनों के लिए."

"दोनों एक में नहीं मिलता," तो म्हणाला.

मग त्याने समजावून सांगितलं. रिव्हॉल्वर चालवायला सोपं. ओढाओढी नाही, चाप दाबला की झालं. पण त्याचा मधला गोल भाग जाड. ह्यांनी ते पँटच्या खिशात घालून बघितलं तर मांडीवर पेरू ठेवल्यासारखं दिसायला लागलं. बत्तीसचं पिस्तूल चपटं होतं, पण वजनाने पँट एका बाजूला खाली उतरायची. ह्यांची कंबर ती केवढी! शेवटी त्याने आतून एक डबी आणली. त्यात पंचवीस बोअरचं जुनं विलायती पिस्तूल होतं, चष्म्याच्या घराएवढं. खिशात घातलं तर जसं काही नव्हतंच. मी ह्यांना दुकानात दोनदा इकडून तिकडे चालायला लावलं, खाली बसवलं, वळायला सांगितलं. चप्पल घेताना करतो तसंच. काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

पण ते चालवायचं तर आधी त्याचा वरचा भाग मागे ओढावा लागतो, तेव्हा गोळी नळीत जाते. पिस्तूल जितकं लहान तितकं ते ओढायला कडक, असं दुकानदार म्हणाला. आत स्प्रिंगला जागाच नसते ना. ह्यांनी ओढून बघितलं. जरासं सरकलं आणि परत जागेवर. बोटं घसरत होती, धरायला जागा नव्हती, करंगळी तर हवेतच. पुन्हा ओढलं. पोटाशी धरून, दात आवळून, एकदाचं मागे गेलं, आणि ह्यांच्या कपाळाला घाम आला.

मी म्हटलं, "आणि तोवर त्या समोरच्याने थांबायचं का?"

"वेळ आली की जोर येतो," हे म्हणाले.

मी दुकानदाराकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. मी म्हटलं, अहो, ते रिव्हॉल्वर घ्या, दिसलं तर दिसलं, निदान हातात चालेल तरी. पण ह्यांना चालणारं नकोच होतं. ह्यांना जवळ काहीतरी आहे आणि ते कुणाला कळत नाही, एवढंच हवं होतं. हे मला तेव्हा त्या दुकानात स्वच्छ दिसलं. भीती ज्याची त्याने भोगायची असते, त्यावर कुठला रंग शोभतो हे मी कशी सांगणार? डबी कापडात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि बसमध्ये आम्ही दशम्या खाल्ल्या.

घरात आल्यावर त्या एवढ्याशा वस्तूने माणूस बदलून टाकला. शिंप्याकडून सगळ्या पँटचे उजवे खिसे खोल करून घेतले. शिंपी म्हणाला, "काय ठेवून राहिले काका, खजिना?" हे दचकले. चालताना उजवा हात सतत खिशावर. अख्ख्या बुधवाऱ्याला कळावं की खिशात काहीतरी आहे, असा तो हात. गादीवर मांडी घालून बसलं की ते टोचायचं, म्हणून काढून उशीखाली ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की उशी सोडून उठता यायचं नाही. वरच्या फळीवरचा तागा मागितला की हे म्हणायचे, तो संपला. गावातच, लालबागला भाचीचं लग्न होतं. तिथे व्याह्यांच्या गळाभेटी सुरू झाल्या तशी ह्यांनी पाठदुखीचं निमित्त काढलं आणि लांबूनच हात जोडले. पूर्वी लग्नात हा माणूस सगळ्यात आधी मिठ्या मारायचा. मी सांगून थकले की रिकाम्या खिशाने फिरा, निदान मोकळे फिरा. त्यावर रागाने बघायचे.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला रोजीरोटीच्या सगळ्या वस्तू पुजतात. दुकानातली कात्री, मोजायचा गज, स्कूटर, माझं शिवणयंत्र. बैठकीत पाट मांडला, त्यावर कात्री-गज ठेवले. हे आतून ती डबी घेऊन आले. आतल्या गोळ्या काढून कपाटात ठेवल्या आणि पिस्तूल पाटावर ठेवलं. घरात शस्त्र असून दसऱ्याला पुजायचं नाही, हे दोघांच्याही मनात आलं नाही. मी त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता वाहिल्या. पूजा मांडलेली रात्रीपर्यंत हलवायची नाही, हेही ठरलेलंच. जी वस्तू शिंप्याला कळू नये म्हणून हा माणूस घामाघूम व्हायचा, ती आम्ही दोघांनी मिळून समोरच्या खोलीत फुलं वाहून मांडून ठेवली आणि दार उघडं टाकलं.

संध्याकाळी गल्ली सोनं द्यायला आली. आपट्याचं पान हातात ठेवायचं, नमस्कार, तोंड गोड करायला दराबा, की आले पुढचे. पहिलाच आला तो पाटाकडे बघून म्हणाला, "वा काका! कधी घेतलं?" तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. पण आता झाकायचं कसं? देवापुढचं उचलायचं कसं? हे नुसते माझ्याकडे बघत होते आणि मी ह्यांच्याकडे. लोक येत गेले. प्रत्येकाने विचारलं, प्रत्येकाने वाकून बघितलं.

आणि मग सळईवाला आला, आईबरोबर. त्याच्या आईचं आणि माझं हळदीकुंकवाचं येणंजाणं आहे, ते असल्या भांडणांनी तुटत नाही. दसऱ्याला दारात आलेल्याला जा म्हणायची आपल्याकडे रीत नाही. माझ्या तोंडून "या, बसा" हे आपोआप गेलं. त्याने माझ्या पायाला हात लावला, ह्यांच्या पायाला हात लावला, ह्यांच्या तळहातावर पान ठेवलं. मग त्याची नजर पाटावर गेली. पाटाजवळ उकिडवा बसला, फूल बाजूला केलं आणि पिस्तूल उचललं. एका हाताने त्याचा वरचा भाग धरला आणि सहज, पेनाचं टोपण काढावं तसा मागे ओढला. आत बघितलं. रिकामं होतं.

"छोटी आहे काका," तो म्हणाला. "पण कडक आहे. तुमच्याने होते का?"

त्याची आई म्हणाली, "ठेव रे, पूजेतलं आहे." तिला काहीच माहीत नव्हतं, किंवा सगळं माहीत होतं. त्याने ते होतं तसं ठेवलं, वर फूल ठेवलं, स्वतःजवळचं एक आपट्याचं पानही ठेवलं. बोटाला लागलेलं कुंकू त्याने कपाळाला लावून घेतलं. मी त्याच्या हातावर दराबा ठेवला. त्याने तो तिथेच उभ्याने खाल्ला. जाताना म्हणाला, "संभाळून ठेवा. जमाना खराब आहे."

तो गेल्यावर हे जिथे उभे होते तिथेच खाली बसले. तळहातावरचं त्याने दिलेलं पान तसंच होतं. मला ओरडायचं होतं, पण कुणावर ओरडू? ज्याच्यापासून लपवायचं होतं त्यालाच आम्ही दाखवलं होतं, आणि वर गोडही दिलं होतं. त्या दिवसानंतर ह्यांनी पिस्तूल खिशात घातलं नाही. कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिलं. 

पुढे निवडणूक लागली. निवडणुकीत लायसनची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, तसं तेही जमा झालं. सळईवाला एका उमेदवाराच्या जीपपुढे नाचत आमच्या दुकानावरून गेला. त्याच्या कमरेचं कुणाकडे जमा करायचं होतं? त्याला लायसनच नव्हतं. कोर्टाची तारीखही नेमकी त्याच दिवसांत लागली.

मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. दुरुस्तीवाला दोन बाकं पुढे होता, उजवा हात मांडीवर ठेवून. हे उभे राहिले, शपथ घेतली. सरकारी वकिलाने विचारलं, मारणारा माणूस इथे हजर आहे का? ह्यांनी समोर बघितलं. सळईवाला तिथेच होता, स्वच्छ पांढऱ्या शर्टात. हे म्हणाले, "साहेब, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलेला होता. मला लांबचं नीट दिसलं नाही."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं मला झालं नाही. मला वाटलं, सुटलो. आणि त्याच क्षणी दुरुस्तीवाल्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे. मी पदर सारखा करत बसले. मला त्याच्याशी डोळे मिळवता आले नाहीत. थोड्या दिवसांनी सळईवाला खटल्यातून सुटला. बाजारात कुणी आम्हाला नाव ठेवलं नाही. उलट चांगलं झालं म्हणाले, शहाणपणा केला म्हणाले. त्याचाच जास्त त्रास झाला.

निवडणूक आटोपल्यावर पिस्तूल घरी परत आलं. त्यानंतरच्या एका दुपारी दुकान बंद होतं, आम्ही जेवून बसलो होतो, तर दुरुस्तीवाला दारात. मी मनात म्हटलं, आला, आता बोलेल. खरं सांगते, तो बोलावा असंच मला वाटत होतं. त्याच्या जिभेचा तिखटपणा मला ठाऊक होता. त्याने दोन शिव्या घातल्या असत्या तर आम्हाला घास गेला असता. पण तो बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "काका, तुमच्याकडे ती छोटी पिस्तूल आहे ना, जरा दाखवता का?"

हे उठले. साड्यांमागून डबी काढली, आतलं रिकामं आहे हे दोनदा बघितलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. त्याने डाव्या हाताने उचललं. वजन बघितलं. मग वरचा भाग ओढायला उजवा हात पुढे केला, पण बोटं त्यावर नुसती ठेवल्यासारखी राहिली. त्याने ते गुडघ्यांत धरलं आणि डाव्या हाताने ओढलं. गुडघ्यांतून निसटून फरशीवर पडलं. त्याने उचललं, पुन्हा धरलं. आम्ही दोघं बघत होतो. कुणी मदतीला पुढे होईना, आणि होऊन तरी काय करणार होतं.

"तो रोज दुकानासमोर गाडी लावून राहिला," तो म्हणाला. "काही बोलत नाही. फक्त लावतो आणि बसून राहतो. काका, डाव्या हाताने चालते असं काही येतं का?"

"रिव्हॉल्वर येतं," हे म्हणाले. "ओढावं लागत नाही. पण ते खिशात दिसतं."

"दिसू द्या," तो म्हणाला. "लायसन कसं काढायचं?"

हे एकदम बोलायला लागले. मला इतक्या महिन्यांनी त्यांचा तो दुकानातला आवाज ऐकू आला. कुठला दाखला आधी काढायचा, कलेक्टर ऑफिसात कुणाला भेटायचं, डॉक्टर हाताबद्दल काय विचारेल. "आणि पोलीस चौकशीला येतात," हे म्हणाले, "त्यात शेजाऱ्याचा जबाब लागतो, की माणूस सरळ आहे, त्याला धोका आहे, आम्ही डोळ्यांनी बघितलं आहे. त्याची काळजी करू नको. तो मी देईन."

बोलून झालं आणि मग ह्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं. चेहरा पडला. मी उठून त्याचा पाण्याचा रिकामा पेला उचलला.

दुरुस्तीवाला चिडला नाही, हसलाही नाही. त्याने पिस्तूल डबीत ठेवलं आणि डाव्या हाताने झाकण लावलं.

"पक्का द्याल ना, काका?" त्याने विचारलं.